आठ थेंब

रुचिकाने परीक्षानळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर नेली. तळाशी पाच मिली निळं औषध, त्यात बाटलीतल्या लघवीचे आठ थेंब. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची, त्यामुळे हात सराईत होता. औषध उकळलं. निळं होतं, निळंच राहिलं.

"साखर नाही," ती म्हणाली. "बाबा, पास झालात."

"पास तुझं ताट झालं, बाई," गोपीनाथ गुरुजी हसत म्हणाले आणि त्यांनी अर्धी भाकरी पुढे ओढली.

गुरुजी तिचे सासरे. घोलवडच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. दिवाळीत, गुरुजी रात्री लघवीला जात त्या मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागलेली रुचिकाने पाहिली आणि त्याच आठवड्यात त्यांना डहाणूला रोशन डॉक्टरांकडे नेलं.

"मास्तर, इन्सुलिन तुमच्या अंगात भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले होते. "पण अंग त्याचं ऐकत नाही. मास्तर ओरडतोय आणि वर्ग मस्ती करतोय, तसं. आता नुसता भात बंद. भाकरी अर्धी, सोबत डाळ, अंडं, सुकट. दर रविवारी लघवी तपासायची. निळी आली तर उत्तम, हिरवी चालेल. लाल आली की दुसऱ्या दिवसापासून सुई."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या भावाने सहा वर्षं सुई घेतली होती. रोज सकाळी त्याचे हात गुरुजींनीच धरून ठेवले होते.

"घाबरता काय? तुमचा मधुमेह म्हाताऱ्यांचा आहे, दमाने चालतो. पोरांना होतो तो वाईट. तिथं ताट सुधारून भागत नाही, सुईच लागते. उशीर झाला तर महिन्याभरात खेळ खलास."

तेव्हापासून घरात ताटाची शिस्त लागली. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, उकडलेलं अंडं, कांद्यातली सुकट. भात मूठभर, तोही शेवटी. गुरुजींनी कुरकुर केली नाही. उलट आठ वर्षांच्या नातीला, श्रुतिकाला, त्यांनी पाटीवर ताट काढून शिकवलं. शेजारची मुलंही ओटीवर येऊन बसत.

"भात म्हणजे काय रे?"

"उधळलेला घोडा!" मुलं ओरडत.

"आणि डाळ?"

"लगाम!"

डॉक्टर इतर पेशंटना गुरुजींचं उदाहरण देऊ लागले. एकदा सायवनहून दोघं जण गुरुजींचं ताट बघायला आले. गुरुजींनी त्यांनाही पाटीवरच शिकवलं.

बाकी दिनक्रम तोच होता. गुरुवारी दुपारी एसटीने चारोटीला जायचं, तिथल्या हॉटेलात चिमण मास्तरांशी गप्पा मारायच्या, दिवेलागणीला परत यायचं. पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं असे. नवी चप्पल चावली होती, तीन महिन्यांपूर्वी. मोरी ते स्वतः रोज फिनेलने धूत.

"मी धुते की," रुचिका म्हणायची.

"माझी घाण तू कशाला काढायची?"

रविवारी उजाडताच बाटली घेऊन ते परसात जात. श्रुतिका ब्रश तोंडात धरून त्यांच्या मागे पळायची. परतताना तिच्या हातात बागेतला मोठा चिकू असायचा.

"पाढ्यांचं बक्षीस," गुरुजी सांगत.

"रविवारी सकाळी कसले पाढे?" रुचिका हसायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात उकाडा फार होता. श्रुतिका सारखी माठाशी दिसू लागली. फ्रॉक खांद्यावरून घसरायचा.

"पाण्यानेच पोट भरतेस तू. रात्रीत चार वेळा उठलीस," रुचिकाने तिला झापलं.

"उंची घेतेय पोरगी," गुरुजी म्हणाले. "उमेश या वयात असाच काटकुळा होता."

उमेश म्हणजे रुचिकाचा नवरा. तो रेल्वेत नोकरीला होता आणि त्या वर्षी त्याची नेमणूक सुरतेला होती.

त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी रुचिकाने नळी दिव्यावर धरली. औषध हिरवं झालं, मग पिवळं. मग सगळी नळी विटेसारखी लाल झाली.

तिने दुसरी नळी घेतली. पुन्हा आठ थेंब. पुन्हा लाल.

"बाबा, हे काय?"

गुरुजी नळीकडे बघत राहिले. त्यांचा घास तोंडातच राहिला होता. मागे माठावर तांब्या आपटला. श्रुतिका तिसऱ्यांदा पाणी पीत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"बाबा, मी विचारतेय."

"खाल्लं मी," ते म्हणाले. "गुरुवारी. चारोटीला. जिलेबी, पाव किलो. काल लग्नात शिराही."

"लोकांना ताट शिकवता आणि स्वतः?" रुचिकाचा आवाज चढला. "चला, आजच डॉक्टरांकडे जाऊ. श्रुतिकालाही दाखवायचंच आहे, दोघांचं एकदम होईल."

"तिला कशाला?" गुरुजी घाईने म्हणाले. "उन्हाळ्यात सगळीच पोरं सुकतात. मला एक आठवडा दे, रुचिका. एकच. तुझ्या ताटाबाहेर शीतही खाणार नाही. पुढच्या रविवारी निळी आली नाही, तर मी स्वतः सुईला दंड पुढे करीन. तेव्हा पोरीलाही घेऊन जाऊ."

त्यांनी हात जोडले. आजवर त्यांनी सुनेपुढे हात जोडले नव्हते.

रुचिका विरघळली. "एकच आठवडा," ती म्हणाली आणि तिने दिवा विझवला.

"आजोबा, माझा चिकू?" श्रुतिकाने विचारलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

गुरुजींनी खिशातून चिकू काढून तिला दिला. मग चुलीतली राख घमेल्यात भरून ते परसात गेले. पपईखाली, जिथे दर रविवारी श्रुतिका त्यांची बाटली भरून द्यायची, तिथे लागलेली मुंग्यांची रांग त्यांनी राख टाकून नीट झाकली.