न पुसता कोरडा फलक

मिसिसिपीतल्या त्या लहानशा गावात, जळालेल्या चर्चच्या जागेवर अखेर लोखंडी इतिहास-फलक लागला. रविवारी अनावरण होतं. ओडेसा प्रुइट सकाळीच तो पुसायला गेली. तिची आजी त्याच चर्चमध्ये गायची.

गवतावर दंव गोठलं होतं. फलकावर मात्र थेंबही नव्हता. ओडेसाने फडकं टेकवलं आणि झटक्यात हात मागे घेतला. लोखंड तापलं होतं.

"ल्युशसकाका, हे तापलंय. जरा हात लावून बघा."

खुर्च्या मांडणारे म्हातारे ल्युशस हॅरल हसत आले. "कॉफीचा कप धरून आली असशील, पोरी." त्यांनी तळवा टेकवला, आणि त्यांचं हसू मावळलं.

फलकाची शेवटची ओळ ओडेसाला पहिल्यापासून खुपत होती. 'आगीच्या वेळी आत कोणीही नव्हते.' हा विषय निघाला की आजी उठून जायची.

ओडेसाने वाकून कान जवळ नेला. टकटक ऐकू येत होती. आवाज लोखंडाचा नव्हता. जाड लाकडी दारावर कोणीतरी थकल्या मुठीने वाजवत होतं.

"काका, चला इथून."

पण ल्युशसकाकांनी गावातल्या नव्या चर्चच्या दारात उभं राहून आल्यागेल्याची चौकशी करण्यात अख्खा जन्म घालवला होता. टकटक कानावर पडताच सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोण आहे?"

टकटक थांबली. वाराही पडला होता. ओडेसाने काकांची बाही घट्ट धरली.

मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, अगदी अदबीने.

"कडी तुमच्या बाजूला आहे."