वेगळा जिना

पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला तशी देवकी लगबगीने गेटापाशी आली. गेटाला पावांसाठी दोन पिशव्या लटकत होत्या. एक तिची, एक माडीवरच्या पल्लवीची.

"आजपासून दोगांचेय पाव माझ्याच पिशयेत घाल," ती पोदेराला म्हणाली.

"वयल्या चेडवाचेय?"

"तिचेय. ती येतली न्हेवक."

मोठा डावच टाकला होता बाईने. पेडण्यात विमानतळ आल्यापासून ज्याला त्याला भाडेकरू हवा झालाय. देवकीला मात्र घरात माणसाचा आवाज हवा होता. म्हणून माडी भाड्याने द्यायला ती तयार झाली. मुलगा श्रीनाथ मुरगावला बंदरात नोकरीला. भाडेकरूला घरातून वाट देऊ नये, असं त्याला चार जाणत्यांनी बजावलेलं, तेव्हा त्याने आधी बाहेरून वेगळा जिना बांधून घेतला. जिना झकास झाला. कुडाळची पल्लवी त्यावरून विमानतळावर ड्यूटीला जाते, त्यावरूनच परत येते आणि भाडंही मोबाइलवरून पाठवते. इतके दिवस झाले, देवकीचा उंबरा तिने ओलांडलेला नाही.

देवकीने पातळभाजी गरम केली. चहाचे दोन कप काढले. आज ती खुशीत होती.

दारावर टकटक झाली. "काकी, पोदेर माझे पाव इसारलो काय?"

"माझ्याकडे दिल्यान. ये गो, बस. चाय जाली."

"नको काकी, बस चुकतली." पल्लवीने उभ्या उभ्याच पाव घेतले. "माझ्यापायी तुमका सकाळी सकाळी तरास."

"तरास कसलो गो!"

"नाय, नाय. उद्यापासून मी पावच बंद करतंय. कामावर कँटीन आसा."

देवकीचा हात प्रेमाने दाबून ती गेली. पोरगी खरंच गुणाची होती. वाईट वागली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

देवकी दोन कपांसमोर बसून राहिली. इतकं एकटं तिला माडी रिकामी असतानाही वाटलं नव्हतं. तेवढ्यात श्रीनाथचा फोन आला.

"आई, भाडेकरीण कशी आसा गे? तरास बी ना मां?"

देवकी म्हणाली, "ना रे. घरात कोण आसा म्हणान कळतसुद्दा ना."

"बघ!" श्रीनाथ खूश झाला. "नशीब लागता आई, असलो भाडेकरू मेळूक."