चरकाजवळची कुऱ्हाड

टेलफर मुकादम तडक चरकाजवळच्या खुंटीपाशी आला. कुऱ्हाड काढून त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर लाल रेघ उमटली.

"चरक थांबव."

कूबाने एका हाताने खेचरं आवरली. तिचा दुसरा हात कोपरापाशीच संपत होता. मिंबा चरकाच्या लाटांसमोर, त्या लोखंडी रुळांसमोर, ऊस धरून तशीच उभी राहिली. तिला तेरावं लागलं होतं.

"इथं रस उडतो. दोन दिवसांत लोखंड गंजतं," मुकादम म्हणाला. "हिला वर्षभर कुणी हात लावत नाही. मग ही चकचकीत कशी?"

कुणाचा हात लाटांत सापडला, तर तो तोडून माणूस वाचवायला ती कुऱ्हाड तिथे असे. गेल्या आठवड्यात शेजारच्या मळ्यावरचे चार गुलाम पहारेकऱ्याला मारून डोंगरात पळाले होते. तेव्हापासून संध्याकाळ झाली की सगळे कोयते कुलपात जात. कुऱ्हाड तेवढी बाहेर राही. लाटांत सापडलेला हात किल्ली येईपर्यंत थांबत नाही.

मिंबाने कूबाकडे पाहिलं. काल तिने धार लावली तेव्हा इथे कूबाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आणि दर रविवारी मुकादमाच्या घरचा खारवलेला मासा कूबाच्याच ताटात पडायचा.

"हात दाखव, पोरी."

तिच्या नखांत दगडाची राखाडी भुकटी होती.

"कुणासाठी लावलीस धार? खोटं बोललीस तर हाच हात लाटांत घालीन."

कूबा खेचराची मान खाजवत म्हणाली, "मीच लावायला सांगितली, साहेब."

"तू?"

"माझ्या वेळी पातं बोथट होतं. तीन घाव लागले. तोवर रस लालभडक. दोन काहिली ओतून द्याव्या लागल्या. मोठे साहेब साखरेसाठी हळहळले, अगदी जेवले नाहीत."

मुकादमाला हसू आलं. "पोरीला हाताची फार काळजी."

"हात तिचा कुठला, साहेब? तुमचाच की."

मुकादमाने एकदा कूबाकडे, एकदा मिंबाकडे पाहिलं. मग कुऱ्हाड पुन्हा खुंटीला अडकवली.

"रोज लाव धार," तो मिंबाला म्हणाला. "साखर वाया जायला नको."

तो काहिलींकडे गेला. खेचरं फिरू लागली, लाटा करकरल्या. मिंबा ऊस सारत राहिली. कूबा फेरी घेऊन जवळ आली, तेव्हा मिंबा मान वर न करता पुटपुटली, "मला वाटलं, तूच सांगितलंस त्याला."

"वाटू दे. मासा खाणाऱ्या तोंडावर विश्वास ठेवू नये." कूबा पुढे गेली.

पुढच्या फेरीला मिंबाने विचारलं, "खरंच तीन घाव लागले होते, मावशी?"

खेचरांमागून चालत कूबा चरकाच्या पलीकडे दिसेनाशी झाली. चिपाडं खाली पडत राहिली. ती परत आली तेव्हा तिची नजर खुंटीवर होती.

"एकच," ती म्हणाली. "धार मीच लावून ठेवली होती, दुसऱ्याच कामासाठी."