दिवाळीचं उटणं

नरकचतुर्दशीच्या पहाटे नणंदबाई मला उटणं लावायला बसल्या. वन्सं अंग चोळत नाहीत, पातेलं घासतात.

“डावा हात राहू द्या,” मी म्हणाले. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतली नस दुखावली, तेव्हापासून दंडाची आतली बाजू बधिर होती. चटका बसला तरी कळायचं नाही. संवेदना परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

“का? तो काय शेजारणीचा आहे?” म्हणत वन्संनी दंड धरला आणि आतून खसाखसा घासला.

“अहो, हळू! टोचतंय!” मी दरवर्षीसारखी ओरडले.

वन्संचा हात जागीच थांबला.

“कुठं टोचतंय, वहिनी?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी दंडाकडे बघतच राहिले.

“तिथंच,” मी म्हणाले. “थांबलात कशाला? घासा की!”