कोरी करकरीत

मूर्तिजापूरच्या एका बंद पडलेल्या दुकानात माझा मित्र प्रीतम याला आमच्या लहानपणच्या काळातली एक कॉमिक मिळाली. प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद, कोरी करकरीत. तेव्हापासून तिचा भाव चढतोच आहे, आणि हा गडी दर रविवारी अकोल्याहून फोन करून मला तो ऐकवतो. इकडे अमरावतीत माझ्या पोटात दुखतं.

कारण तीच कॉमिक माझ्याकडेही आहे. पण कव्हर फाटलेलं, पानांवर चहाचे डाग, आणि आतल्या राक्षसाला माझ्या पोरीने स्केचपेनने चष्मा काढलेला. ती रद्दीवालाच घेईल, तेही किलोवर.

काल पुन्हा प्रीतमचा फोन आला. मी चिडूनच विचारलं, "बोल लेका, आता कितीवर गेली?"

"पंचवीस हजार," तो म्हणाला. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. मग हळूच बोलला,

"पाकीट फोडलं तं भाव पडते रे. तुह्या कॉमिकात पाहून सांग ना भाऊ, तो राक्षस शेवटी मरते का?"