चारचा फोन

"हा त्रेचाळीस नंबरचा चॅनेल कुणाचा हो, काका?" नव्या इंजिनिअर मुलीनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

काका म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधले सगळ्यात जुने लाइनमन. साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणत. ते बुटाची नाडी बांधत होते. "आजींचा. टोकाच्या घरातल्या. राहू दे तो."

राहू दे म्हणजे काय? ऐंशी घरांचे फोन, इंटरनेट, सिनेमे, सगळं एकाच केबलमधून जात होतं. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं आणि थांबायचं कुणी, हे ठरवून द्यायलाच तिला इथे पाठवलं होतं. दवाखाना आधी, मग शाळा, मग बाकीचे. आणि दवाखान्याच्याही डोक्यावर हा त्रेचाळीस चढून बसलेला! त्यावरून दिवसाकाठी एकच फोन व्हायचा. दुपारी चारला, जेमतेम अर्धा मिनिट, तोही इथेच, काकांच्या टेबलावर.

"काय बोलतात एवढं?"

"किती वाजले विचारतात. मी सांगतो. ठेवतात." काकांनी शिडी खांद्यावर घेतली. "सात वर्षं झाली. चारच्या आत येतोच मी." आणि निघालेच. काकांचं बोलणं असंच, विचारलं त्याच्या निम्मं.

तिला आधी हसू आलं, मग राग आला. वेळ विचारायला पहिला नंबर! म्हणजे वशिल्याचं तट्टूच की. तिच्या तोंडचा घास दोनदा वशिलेवाल्यांनी पळवला होता, तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली होती. इथे तरी तसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तिनं त्रेचाळीसला उचललं आणि थेट ऐंशीव्या जागी टाकलं.

बटण दाबलं खरं, पण मन खाऊ लागलं. म्हातारं माणूस. घरात घड्याळ नसेल बिचारीच्या. नसेल तर देऊ. ऑफिसच्या कपाटात एक नवंकोरं घड्याळ पडून होतं. ते पिशवीत घालून तिनं स्कूटर काढली.

आजींनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं पिशवीत हात घातला आणि तो तिथेच राहिला. समोरच्या भिंतीवर पाच घड्याळं होती. पाचही चालू. चारला पाच कमी, यावर पाचांचंही एकमत होतं.

"आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे," आजी म्हणाल्या. "आता किल्ली मी देते."

चार वाजले. आजींनी फोन लावला. शाळा सुटली होती आणि घरोघरी पोरं गेम खेळायला, सिनेमे बघायला बसली होती. आजी बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून उभ्या राहिल्या. पुन्हा लावला. मग आणखी एकदा. पलीकडून नुसती खरखर ऐकू येत होती. तिसऱ्यांदा त्यांनी फोन ठेवून दिला.

ती ओशाळली, पण हट्ट सुटेना. "आजी, वेळच विचारायची होती ना? समोर पाच पाच घड्याळं आहेत की!"

"वेळ कुणाला हवीय, बाळा? चारला माझा फोन आला नाही, तर तुमच्या काकांनी डॉक्टरांना घेऊन धावत यायचं, असं ठरलंय आमचं." आजी गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "सरक जरा. दाराची कडी काढून ठेवते, नाहीतर तोडतील बिचारे."