बाटलीतलं पाणी

"पिण्यास योग्य," पाणी तपासणाऱ्या बाईंनी विहिरीभोवती जमलेल्या गावासमोर कागद मोठ्यानं वाचला.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. "कुणाला योग्य? गुरांना?"

काठावरच्या बादलीत तांबूस गाळ फिरत होता. वास असा, की कागद वाचता वाचता बाईंनी दोनदा नाकाला रुमाल लावला होता. हे पाणी तपासणीत नापास झालं असतं, तर टेकडीवरच्या टाकीतून गावाला नळ मिळणार होता. पास झालं, म्हणजे कारभार आटोपला. नळाच्या यादीतून गावाचं नाव कट.

"अहो बाई, काहीतरी घोळ आहे," गावचे पुढारी म्हणाले. "या पाण्यानं निम्मं गाव आडवं झालंय. तुमच्या यंत्राचे डोळे तपासा आधी!"

"यंत्र ठीक आहे. बाटली याच विहिरीची होती," बाई म्हणाल्या, पण त्यांची मान काही वर झाली नाही. खरं सांगायचं तर नमुना घ्यायच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, विहिरीच्या पायऱ्या निसरड्या होत्या आणि बाईंची टाच ठणकत होती. लगतच्या घरातल्या काकूंच्या हाती बाटली देऊन त्या ओसरीवर टेकल्या, तशी त्यांना डुलकी लागली होती. 'नमुना स्वतः घेतला' या छापील ओळीखाली सही मात्र त्यांचीच होती.

त्याच काकू गर्दीत सगळ्यात मागे उभ्या होत्या. खांद्यावर नात. तीन दिवसांच्या जुलाबानं पोर पार मलूल झाली होती, रडायचंही त्राण नव्हतं.

"काकू, बाटली तुम्ही भरलीत ना? विहिरीतूनच?" बाईंनी विचारलं.

सगळ्या माना वळल्या. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विहिरीतूनच हो, देवाशपथ. पण चार घड्यांच्या फडक्यातून गाळलं. मग उकळलं. निवू दिलं आणि मग भरलं."

"अहो, पण का?" पुढारी ओरडलेच.

"शहरातली शिकलेली माणसं बघणार, म्हणाल्या ना या. मला लाज वाटली. दारात आलेल्या बाईच्या हातात घाण कशी ठेवायची?" काकूंनी नातीला खांद्यावर सावरलं. "एरवी उकळायला सरपण कुठंय? होतं नव्हतं ते त्या दिवशी जाळलं. तेच पाणी हिला पाजलं असतं, तर..." त्या नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आता कुणी हसलं नाही. पाहुण्यांसाठी गाळून झाकून ठेवलेला एक तांब्या प्रत्येकाच्या घरात होता.

बाईंनी कागदाची घडी केली. "चूक माझी आहे. मी सावलीत बसले. तसं लिहून देते, पुढं माझं काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी पिशवीतून नवी बाटली काढली, चपला काढल्या आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. नातीला शेजारणीकडे देऊन काकूही मागोमाग उतरल्या.

बाटली भरली. बाईंनी ती उजेडात धरली. आत काहीतरी वळवळलं. काकूंचा हात आपोआप पदराकडे गेला, गाळायला.

"नको," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण घट्ट फिरवलं.

वर आल्यावर काकूंनी बाटली मागून घेतली. पदरानं बाहेरून चारी बाजूंनी लख्ख पुसली, तेवढंच त्यांच्या हातात होतं. परत देताना जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "बाई, फार कुणाला दाखवू नका हं."